घोडी बसते का?

दिवाळी उलटून आठ-दहा दिवस झाले की उमरेड-भिवापूरकडून नव्या तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, गाड्या शहरात येऊ लागतात. आमचं घर सक्करदऱ्याला, रस्त्याला लागून. गाडी दिसायच्या आधी वास येतो. धानाचं नवं तणस ओलसर, गोड वासाचं असतं. चुलीवर शिजत आलेल्या भाताचं झाकण कुणी जरासं सरकवावं तसा. मी ओसरीत उठून उभा राहतो आणि गाडी पुढून जाईस्तोवर मनाशी म्हणतो, साडेचार क्विंटल, फार तर पाच. माझं आयुष्य कापसाच्या जिनिंग कारखान्यात, जिनाच्या काट्यावर गेलं. कापसाची गाडी काट्यावर चढायच्या आधी वजन सांगायचं आणि मग काटा बघायचा, हा आमचा तिथला खेळ. दहा-पंधरा किलोंपेक्षा मी सहसा चुकत नाही.

यंदाही पहिली गाडी गेली. माझी बायको शांता दारातून म्हणाली, "झालं का मोजून?"

"पाच नाई भरत."

"आपल्याले काय कराचं हाये आता," ती म्हणाली आणि आत वळली. वळताना तिनंही एकदा मान वर करून वास घेतला, हे मी पाहिलं.

त्या वर्षीही तणस असंच कार्तिकात आलं होतं. मला ते भाद्रपदात हवं होतं. निदान त्या वेळी मला तसं वाटत होतं.

त्या पावसाळ्यात मी अडतीस वर्षांचा होतो. बाबा सावनेरच्या अलीकडे आमच्या गावी राहत. आई जाऊन चार वर्षं झाली होती. वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून घसरून बाबांचं उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं, आणि जुळलं ते आखूड जुळलं. दीड इंच, मी टेप लावून मोजलं होतं. काठी घेऊन ते घराच्या ओट्यावरून विहिरीपर्यंत जात, फार तर मारुतीच्या पारापर्यंत. वावर तिथून पावणेदोन मैल. तेवढं अंतर त्यांना मैना नेत असे.

मैना म्हणजे घोडी. कुमैत, म्हणजे काळपट तांबड्या रंगाची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. सकाळी तिच्या पाठीवर खोगीर टाकलं की ती आपणहून ओट्याला अंग लावून उभी राही. बाबांना पाय उचलावा लागत नसे; ओट्याच्या कडेवर बसायचं आणि सरकून तिच्या पाठीवर जायचं. वावरात ते उतरतच नसत. धुऱ्याधुऱ्यानं एक फेरी मारत, गड्याला दोन गोष्टी सांगत आणि परत येत. गावातले म्हणत, म्हाताऱ्याले चार पाय फुटले. बाबांना ते आवडत असे.

ज्येष्ठात मैनेच्या पुढच्या उजव्या पायात गंजका खिळा गेला. तो काढला, पण आत पू झाला. नागपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायची म्हटल्यावर तिला शहरात आणणं भाग होतं. आमचं जिन दिवाळीला सुरू होई आणि चैत्र-वैशाखात बंद पडे. पावसाळ्यात मला दुपारी दोन ते सहा एवढंच काम. शिवाय आमच्या परसात म्हशीचा जुना कोठा रिकामा होता. मी स्वतःच म्हटलं की नेतो.

सरकी पोचवून रिकामा परतणारा ट्रक गावात थांबवला होता. मैनेला फळीवरून चढवत होतो आणि बाबा ओट्यावर बसून बघत होते.

"तुले जमन ना गा?" ते म्हणाले.

"बाबा, जिनात हजार हजार क्विंटल कापूस पावसाळाभर कोरडा ठेवतो मी. एका घोडीचं काय घेऊन बसले."

"कापूस मुतत नाई," बाबा म्हणाले.

ट्रकवरचा क्लीनर हसला. मीही हसलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय तपासून जे सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "औषध मी देतो, कोरडेपणा तुम्ही द्यायचा. अडीच महिने हा पाय कोरडा राहिला तर घोडी माणूस वाहील. नाही राहिला, तर स्वतःला वाहील तेवढंच पुष्कळ."

म्हणजे प्रश्न घोडीच्या पायाचा नव्हता. बाबांच्या वावराचा होता. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, एवढं मी स्वतःच्या बाजूनं सांगू शकतो.

कोठा दहा फूट बाय साडेआठ. वर टिनाचं छप्पर, ते मी तीन ठिकाणी डांबर लावून बंद केलं. खाली ठोकलेला मुरूम आणि त्यावर वर्षानुवर्षांचं शेणाचं सारवण. हात फिरवला तर पाटासारखं गुळगुळीत. आम्ही बैल-म्हशीवाले लोक. जनावराची जागा स्वच्छ ठेवायची म्हणजे काय करायचं, ते आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. सगळं उचलायचं, खराट्यानं झाडायचं, सारवायचं. त्यात घोडीच्या पायासाठी तणसाचं अंथरूण, एवढीच भर. सकाळी सहाला जुनं सगळं बाहेर, झाडणं, आठवड्यातून दोनदा शांताचा सारवणाचा हात, तो सुकला की वर कोरडं तणस, वीतभर जाड. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा तेच. मी एक वही केली. आत गेलेलं तणस किती किलो, बाहेर आलेलं किती किलो. ताणकाटा कोठ्याच्या आढ्याला टांगला. पहिल्या दिवशी नऊ किलो आत गेलं आणि चोवीस किलो बाहेर आलं.

मैनेसारखी घाण करणारी घोडी दुसरी नसेल, असं मला तेव्हा वाटे. कोठ्यात ती गोल फिरे. फिरता फिरता लीद टाके, आणि पुढच्या फेरीत तीच तुडवून सगळीकडे पसरवी. दिवसाला अकरा वेळा, कधी तेरा. न दुखणाऱ्या पायानं डाव्या कोपऱ्यातलं तणस उकरून खालचा मुरूम उघडा करी. पाण्याची बादली दोनदा उपडी केली, म्हणून ती साखळीनं बांधली. मग ती तोंडात पाणी धरून आणून तणसावर सोडू लागली. हे सगळं मी सहन केलं असतं. सहन होत नव्हतं ते एकच. मी कोरडं तणस पसरून, हात झाडून, कोठ्याच्या दारात उभा राहिलो की ती मधोमध येई, मागचे पाय फाकवी, शेपूट वर करी आणि मुते. थोडंथोडकं नाही. टिनाच्या छपरावर पाऊस पडतो तसा आवाज. नुकत्याच पसरलेल्या, खडखडीत कोरड्या तणसावर. आणि मग एक लांब श्वास सोडून खिडकीकडे तोंड करून उभी राही.

वहीत मी वेळ लिहू लागलो. तणस पसरल्यापासून नऊ मिनिटं. सहा मिनिटं. चार मिनिटं. एका सकाळी शेवटची पेंढी मी अजून सोडतच होतो.

"तुमच्याशी वैर हाये तिचं," शांता म्हणाली.

"मी काय केलं तिचं?"

"वजन करता ना तिच्या मुताचं. कोणाले आवडन?"

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी पट्टी सोडून वास घेतला आणि म्हणाले, पाय कोरडा नाही. मी म्हटलं, साहेब, दिवसातून दोनदा सगळं अंथरूण बदलतो. ते म्हणाले, तीनदा बदला. दुपारी जिनात जायच्या आधी मी तिसऱ्यांदा बदलू लागलो. मैनाही तिसऱ्यांदा मुतू लागली.

बाबांचं दर आठवड्याला एक पोस्टकार्ड येई. पेन्सिलीनं लिहिलेलं, मोठं, तिरकं अक्षर. पाऊस कसा आहे, गड्यानं पिकातली डवरणी कुठवर आणली असं म्हणतो, पोरांना आशीर्वाद. आणि शेवटी एक ओळ: घोडी बसते का? मी उत्तर लिही. मैनेची प्रकृती ठीक. दवाखान्यात आजवर सात वेळा नेले. तणस रोज सव्वीस किलो लागते. जखमेचे तोंड अर्धा इंच होते ते पाव इंचाच्या आत आहे. काळजी नसावी. पुढच्या आठवड्यात पुन्हा कार्ड येई. घोडी बसते का? मला वाटे, म्हाताऱ्या माणसाची एक सवय. आपल्याकडे विचारतात ना, जेवण झालं का, तसं. मी आकडे आणखी नेमके करून लिही.

घोडी बसत नव्हती. मी तिला एकदाही बसलेली पाहिली नव्हती. घोडी उभ्या उभ्या झोपते हे मी कुठेतरी ऐकलं होतं आणि तेवढं मला पुरे होतं.

श्रावण सरता सरता तणस संपत आलं. जुनं तणस सगळ्यांचंच त्या सुमारास संपतं. शहरात तर शोधूनही मिळत नाही. मी सायकलनं हुडकेश्वरपर्यंत जाऊन आलो. तिथं तेव्हा सगळी शेतीच होती. एका शेतकऱ्यानं गंजीच्या बुडाचं काळं पडलेलं, बुरशीच्या वासाचं तणस दाखवलं आणि म्हणाला, "एवढंच हाये. कोणासाठी पाह्यजे?" मी म्हटलं, घोडीसाठी, अंथरायला. तो माझ्याकडे बघतच राहिला. "घोडीच्या खाली? आमच्या बैलाच्या तोंडात घालाले नाई, अन तुमी घोडीच्या खाली घालून राहिले."

मग मी गव्हाचा भुसा आणला. मैनेनं तो खाल्ला. सकाळी बारा किलो पसरला, संध्याकाळी झाडून साडेतीन निघाला, तोही ओला. दुसऱ्या दिवशी तिचं पोट फुगलं. डॉक्टर म्हणाले, सावकाश फिरवत ठेवा. दुपारभर तिला सक्करदऱ्याच्या तलावाकाठून फिरवलं, चिखलातून. म्हणजे पोट वाचवायला पाय भिजवला. मग आरा गिरणीतून लाकडाचा भुसा आणला. तो मूत पिऊन लापशीसारखा झाला आणि पट्टीच्या फटींतून आत गेला. शेवटी जिनाच्या कोपऱ्यात साचते ती मातकट, टाकाऊ रुई दोन पोती मागून आणली. माझा विचार असा की रुईइतकं ओल शोषणारं दुसरं काय आहे. दुसऱ्या सकाळी मैनेच्या चारी पायांना ओल्या रुईचे गुंडे चिकटले होते, जणू कुणी ओल्या गाद्या बांधून ठेवल्या होत्या. ती एक एक पाय उचलून झटकत होती आणि माझ्याकडे बघत होती. मी खाली बसून ते सोडवत होतो. शांता मागून म्हणाली, "हसू काय?" मी म्हटलं, "नको." ती तरी हसली, आणि मग पदर खोचून माझ्या शेजारी बसून दुसरा पाय सोडवू लागली.

पोळ्याच्या दिवशी तिनं मैनेच्या कपाळावरच्या ठिपक्याखाली कुंकू लावलं. म्हणाली, बैल नाही तर नाही, घरात चारपायी एवढंच आहे. बाबांचं कार्ड दोन दिवसांनी आलं. पोळा ओट्यावरून पाहिला. तोरणाखाली बैल किती होते दिसलं नाही. घोडी बसते का?

दर पोळ्याला बाबा मैनेवर बसून तोरणाजवळ उभे असत. मी ते कार्ड वहीत ठेवलं. उत्तर लिहिलं, पण कोणते आकडे लिहिले ते आता आठवत नाही.

तो कोठा अजून तसाच आहे. जळण असतं त्यात, आणि मुलाची जुनी सायकल. डाव्या कोपऱ्यात मैनेनं उकरलेला खळगा आहे. अडीच फूट लांब, मधोमध चार इंच खोल. जमीन सारखी करायला गवंडी आला होता तेव्हा मी त्याला तो कोपरा सोडायला सांगितला. का, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, पाणी तिकडे वाहून जातं. ते खरं नाही. त्या कोपऱ्यात पाणी साचतं.

माणसाला आपलं चुकतंय हे कळत असतं आणि तरी तो तेच जास्त मन लावून करत राहतो, असा तो काळ होता. मी आळशी असतो तर मैनेचा पाय वाचला असता, हे मी पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे. एखाद्या आळशी माणसानं दोन दिवस अंथरूण बदललंच नसतं, आणि त्याला कळलं असतं.

आश्विन लागला आणि डॉक्टरांनी खूर तासून घ्यायला सांगितलं. करीमभाई म्हणून एक वयस्क नालबंद टांगेवाल्यांकडे येत, त्यांना मी बोलावून आणलं. ते आले तेव्हा सकाळचे सात वाजत होते आणि माझं काम व्हायचं होतं. ते म्हणाले, आपण उरका, मला घाई नाही. बिडी न पेटवता नुसती ओठात धरून ते चौकटीला टेकून उभे राहिले. मी जुनं काढलं, झाडलं, कोपऱ्यातली ओल राखेनं टिपली. सावनेरकडून मागवलेलं थोडं तणस आलं होतं, ते पसरलं. मैना मधोमध आली.

"देखिए," मी म्हटलं. "अब देखिए." माझा आवाज तेव्हा कसा होता कोण जाणे.

तिनं केलं ते करीमभाईंनी पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, "बाबूजी, ये कब से रोके खड़ी थी?"

मला कळलं नाही.

"घोड़ी कड़क जमीन पे नहीं करती. छींटे उड़ते ना टाँगों पे, उसको पसंद नहीं. नरम जागा की राह देखती. आप बिछाए, उसने समझा मेरे वास्ते बिछाए." त्यांनी बिडी ओठातून काढली. "आप इसको गंदी बोल रहे थे. ये तो इतनी साफ है कि बेचारी रात-रात भर रोक लेती होगी."

शांता भांडी घासत होती, ती थांबली.

"तो क्या करना?" मी विचारलं.

"करना क्या. बिछाने से पहले बाहर ले जाओ. घूरे पे, राख पे, जहाँ नरम हो. जरा सीटी मारो. कर लेगी, फिर अंदर लाओ. गाँव में कोई मारता होगा सीटी, आदत दिखती." मग त्यांनी मैनेचा पाय मांडीवर घेतला आणि चाकू लावला. खुराखालचा मऊ भाग काळा पडला होता आणि बोटानं दाबला की आत जात होता. "आए देर से आप," ते एवढंच म्हणाले.

गावात शीळ घालणारं कोण होतं, हे मला त्यांचं वाक्य संपायच्या आधीच दिसलं होतं. संध्याकाळची वेळ. बाबांचा पाय तेव्हा धड होता. एका हातात मैनेच्या आईचा दोर, दुसऱ्या हाताच्या बोटाला मी, सहा-सात वर्षांचा. आम्ही उकिरड्याच्या कडेला, राखेच्या ढिगापाशी उभे. बाबा हळू शीळ घालत, दोन सुरांची, एक वर जाणारा आणि एक खाली येणारा. मला वाटे, ते स्वतःसाठी घालतात. घोडी काय करते ते मी बघत नसे. मी शिळा मोजत असे. कधी अठरा होत, कधी पंचवीस. घरी येऊन आईला आकडा सांगत असे.

त्या संध्याकाळी मैनेला परसाच्या कोपऱ्यात राखेच्या ढिगाशी नेलं. मी ओठ जुळवले. नुसता वारा आला. मला शीळ घालता येत नाही. अडतीस वर्षांत कधी लागलीच नव्हती. मैना कान मागे-पुढे करत उभी. मी पुन्हा फुंकलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर काढली.

"सरका," शांता मागून म्हणाली. तिनं आधी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं, तिथं कुणी नव्हतं. मग पदराचं टोक तोंडाजवळ धरलं आणि शीळ घातली. स्वच्छ, बारीक, लांब. सहाव्या की सातव्या शिळेला मैनेनं पाय फाकवले.

"तुले शीळ येते?"

"वावरात पाखरं हाकलाले बसत होतो आमी, मचाणावर. सगळ्या पोरींले येत होती."

"सोळा वर्षांत मले माईत नाई."

"तुमी कधी इचारलं?" ती म्हणाली.

त्यानंतर अंथरूण तीन-तीन दिवस टिकू लागलं. लीद तेवढी उचलायची, ओलं दिसलं तर तेवढंच काढायचं, बाकी हलवायचंच नाही. रोजच्या सव्वीस किलोंचे चार झाले. चौथ्या सकाळी मी चहा घेऊन परसात गेलो तर मैना बसली होती. पुढचे पाय पोटाखाली मुडपून, हनुवटी तणसाला टेकवून, डोळे मिटून. उजव्या अंगाला तणसाच्या काड्या चिकटल्या होत्या. मी चहा थंड होईपर्यंत उभा होतो. बसायला कोरडी जागा नाही म्हणून तीन महिने हे जनावर माझ्या घरी उभं होतं. मी मोजलं: एकशे दोन दिवस.

त्या दिवशी मी बाबांना कार्ड लिहिलं. घोडी बसली. दुसरं काही लिहायला सुचलं नाही.

दसऱ्यानंतर डॉक्टरांनी शेवटचं तपासलं. खिळ्याची जखम भरून आली होती. पण ओलीनं खूर आतून कुजत गेला होता, आणि कुजणं थांबलं तरी गेलेलं परत येणार नव्हतं. "स्वतःला वाहील," ते म्हणाले. पहिल्या दिवशीचं आपलं वाक्य त्यांच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं.

कार्तिकात नवं तणस आलं. पाहिजे तेवढं, दारावरून ओरडत जाणारं. ट्रकमध्ये गुडघाभर पसरून मैनेला गावी नेलं. शांताही आली. मैना फळीवरून उतरली, लंगडत ओट्याकडे गेली आणि सवयीनं ओट्याला अंग लावून उभी राहिली. बाबा कडेवरच बसले होते. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग वाकून पायाकडे पाहिलं. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगू लागलो. किती वेळा नेलं, किती तणस, कोणत्या तारखेला काय. ते ऐकत होते.

"शीळ कोण घालत होतं?" त्यांनी मधेच विचारलं.

"शांता."

बाबांनी सुनेकडे पाहिलं आणि ते हसले. शांतानं पदर ओढून घेतला.

"पण बाबा, तुमी सांगतलं काहून नाई? एका कार्डावर दोन शब्द लिहिले असते."

"मले वाटलं तुले माईत हाये," बाबा म्हणाले. रागानं नाही; खरंच त्यांना तसं वाटलं होतं. "तू तं रोज येत होता ना गा माह्यासंगं उकिरड्यावर. बोट धरून."

संध्याकाळी काठी टेकत, दर दहा पावलांना थांबत ते तिला स्वतः उकिरड्यावर घेऊन गेले. दोघंही लंगडत होते, ती पुढच्या उजव्या पायानं, आणि बाबा, मागच्या म्हणायचं तर, तेही उजव्याच पायानं. मी मागे चालत होतो. शिळा मोजल्या नाहीत.

दुसऱ्या सकाळी मी उठलो तर खोगीर खुंटीला नव्हतं. मला वाटलं, म्हातारा हट्टानं बसला की काय. बाहेर आलो. खोगीर ओट्यावर अंथरलं होतं, कडेला, जिथून ते मैनेवर सरकत तिथंच, आणि बाबा त्यावर बसले होते. तोंड वावराच्या वाटेकडे. "नरम हाये," ते म्हणाले. "मांडीले बरं वाटते."

तो हंगाम संपेपर्यंत जिनाच्या सुटीच्या दर रविवारी मी सायकलनं गावी गेलो. आधी वावरात जायचो, मग ओट्याशी येऊन सगळं सांगायचो. वेचणीला किती बाया होत्या, किती मण कापूस निघाला, एका झाडाला किती बोंडं धरली. निरनिराळ्या जागची दहा झाडं मोजून सरासरी काढायचो. पऱ्हाटी त्या वर्षी छातीइतकी झाली होती, आणि दर आठ ओळींमागे तूर, डोक्याच्याही वर. पायी उभ्या असलेल्या माणसाला धुऱ्यावरून चार ओळी दिसत, पाचवी नाही.

एका रविवारी मी सांगून संपवलं.

"बोंडं मोजली," बाबा म्हणाले. "बरं झालं. पण वावर कसं दिसते?"

घोडीवरून ते सगळं एका नजरेत दिसत असे: तुरीच्या रांगा, मधली पांढरी पऱ्हाटी, पलीकडे नदीकडचा उतार, कुठे दाट, कुठे विरळ. मला ते दिसलं नव्हतं. वही माझ्या खिशात होती आणि तिच्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"चांगलं दिसते बाबा," मी म्हटलं. "काळजी नका करू."

मागे कोठ्यात मैना तणसावर बसली होती. तिचं फुरफुरणं ऐकू येत होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांवर जोर देऊन, आखूड पाय सावकाश उचलून ते एका बाजूला सरकले आणि खोगिराची अर्धी जागा मोकळी केली.

"बैस," ते म्हणाले. "किती वेळचा उभा हाये."

मी बसलो.